पाठीवरच्या जखमेची सुनावणी

“सदरा काढ.”

जामखेडच्या कचेरीच्या अंगणात, भर उन्हात. पेन्शनीत निघालेले सुभेदार खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. शेजारी गोरा साहेब टोपीनं वारा घेत होता. लढाई संपली होती आणि तालुक्यात परत आलेल्या शिपायांची गाऱ्हाणी ऐकायला हे दोघं नगरहून आले होते. लिंबाखाली माणसांची दाटी. शिपाई, त्यांचे बाप, गावोगावचे पाटील. आम्ही महार लांब, कुंपणाला लागून.

माझं गाऱ्हाणं एवढंच होतं. लढाईत जखमी झालेल्याला सरकार बिल्ला देत होतं. मला मिळाला नव्हता.

मी सदरा काढला. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वेळ लागला.

“फिर.”

फिरलो. सुभेदारांनी मला हात लावला नाही. छडीच्या टोकानं पाठीवरचे वण ढोसले. एका वणाखाली लोखंडाचा तुकडा अजून तसाच आहे. तिथं छडी रुतली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

“बघा रं,” सुभेदार लोकांकडं वळून म्हणाले, “मर्दाला जखम छातीवर हुती. ह्येची पाठीवर हाय. पळताना लागलीया!”

अंगण खदाखदा हसलं. सुभेदारांनी साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबही हसला. मी उघडा, त्यांच्याकडं पाठ करून उभा. पुन्हा फिरायचं का नाही ते कुणी सांगेना.

मी तसाच म्हणालो, “साक्षीदार हाय, सुभेदारसायब.”

“कोन?”

“आमच्या गावचं धाकलं पाटील. दौलतराव.”

हसणं थांबलं.

“उद्या आन त्याला,” सुभेदार म्हणाले. “न्हाई आला तर खोटं बोललास म्हनून तुला आत घालीन.”

दौलत आणि मी इटलीत एकाच पलटणीबरोबर होतो. तो बंदूक चालवायचा, मी जखमींचं स्ट्रेचर उचलायचो. एका नदीकाठी चिखलात त्याची मांडी फुटली. मी तिथं पोचलो तेव्हा माझा जोडीदार आधीच गोळी लागून पडला होता. एकट्याला स्ट्रेचर उचलत नाही. मी दौलतला पाठुंगळी घेतलं आणि द्राक्षाच्या मळ्यातून पळत सुटलो. होय, पळालो. त्याला घेऊन. वरून तोफगोळे येत होते. एक अगदी जवळ येतोय हे आवाजावरून कळलं. मी त्याला खाली टाकलं आणि त्याच्या अंगावर पालथा पडलो. तुकडे माझ्या पाठीत शिरले. त्याला एकही लागला नाही.

मग आम्ही दोघं बांधाच्या आडोशाला पडून राहिलो. त्याचा घसा वाळला. “पानी,” म्हणाला. माझी बाटली मीच त्याच्या तोंडाला लावली. घटाघटा प्याला. माझा हात घट्ट धरून म्हणाला, “तू माजा भाऊ हायेस. गावाकडं गेलो की सगळ्यास्नी सांगीन.”

मी सांग म्हटलं नव्हतं. तोच म्हणाला.

गावी आलो तर त्याच्या कोटावर बिल्ला, माझ्या पाठीवर वण. गावानं परस्पर ठरवून टाकलं, महार पळून आला. माझी बायको काशी मजुरीला गेली की गडी हाका मारायचे, “पळपुट्याची बायकू आली रं!” ती खाली मान घालून खुरपायची. दौलत घोड्यावरून तिथूनच जायचा. ऐकायचा. काही बोलायचा नाही.

म्हणून मला बिल्ला पाहिजे होता. छातीला लावून एकदा गावातून चालायचं होतं.

सुनावणीहून तसाच पाटलाच्या मळ्यात गेलो. दौलत विहिरीजवळ बसला होता. इटलीत मी त्याला दौलत म्हणायचो. इथं लांबूनच जोहार घातला. त्यानं आधी आजूबाजूला बघितलं, मग माझ्याकडं.

“येतो,” म्हणाला. “पन म्या सांगीन तसंच तूबी सांगायचं. तू मला दोरी टाकून वढलंस. लांबनं. आंगाला लागला न्हाईस. आन पान्याचं नाव काढायचं न्हाई.”

“मंग माज्या पाठीत तुकडं कसं शिरलं?”

“वढताना शिरलं. अरं, माजं लगीन ठरतंय. सोयरं म्हनत्याल, पोरगा बाटला. तुला बिल्ला पायजे का न्हाई?”

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे कबूल झालो, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

काशीला सांगितलं. ती म्हणाली, “व्हय म्हना. येका शब्दानं काय जातंय? रोज मला ऐकावं लागतं. तुमाला न्हाई.” बोलता बोलता तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिला शब्द दिला. व्हय म्हणेन.

दुसऱ्या दिवशी दौलत त्याच्या बापाबरोबर छकड्यातून आला. मी छकड्यामागं चालत, धुरळा खात. अंगणात कालच्यापेक्षा जास्त माणूस. महारानं पाटलाच्या पोराला साक्षीला ओढलंय, ही बातमी पसरली होती. टेबलावर तांबड्या कापडावर बिल्ला ठेवला होता. उन्हात चमकत होता.

सुभेदारांनी दौलतला बसायला खुर्ची दिली. विचारलं, “ह्यानं तुमाला वाचवलं?”

“दोरीनं वढलं.”

“आंगाला हात लावला?”

“न्हाई.”

“पानी दिलं?”

दौलतनं बापाकडं बघितलं. “देत हुता. म्या घेतलं न्हाई. म्हनलं, मरीन पन धर्म सोडनार न्हाई.”

लोकांनी वाहवा केली. एक म्हातारा “शाब्बास रं वाघा!” म्हणून ओरडला. दौलतच्या बापानं मिशीवरून हात फिरवला.

सुभेदार माझ्याकडं वळले. आज आवाज मऊ होता. “पाटलानं तुजी लाज राखली. आता तू सांग. तू पायरीनं ऱ्हायलास, लांबनं वढलंस. येवढं खरं हाय न्हवं? व्हय म्हन आन बिल्ला घिऊन जा.”

मी तोंड उघडलं. व्हय म्हणायलाच उघडलं होतं. काशीला शब्द दिला होता. दौलतकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, पण हायसं वाटलेलं त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या छातीवर बिल्ला आला असता, आणि तो बिल्ला जन्मभर सगळ्यांना एकच सांगत राहिला असता, की हा माणूस मरायला टेकलेल्यानंही शिवू नये असा आहे. मी स्वतः सही देणार होतो त्यावर.

“न्हाई,” मी म्हणालो. “खोटं हाय.”

“काय?”

“म्या त्येला पाठीवर घेतला. त्येच्या आंगावर पडलो म्हनून जखम पाठीवर हाय. माज्या बाटलीचं पानी प्याला त्यो. माज्या हातानं. मला भाऊ म्हनला.”

सुभेदार खुर्चीतून उठले. मग सुभेदारांची छडी पाठीवर बसली. वणावरच. आणखी एक. साहेबानं काय चाललंय म्हणून विचारलं, सुभेदारांनी एका शब्दात उत्तर दिलं. साहेबानं बिल्ला उचलला आणि पेटीत टाकला.

परतताना ओढ्यात पाटलाच्या गड्यांनी मला गाठलं. वाळूत पालथं पाडलं. एक जण पाठीवर उभा राहिला आणि टाचा घासल्या. काठावर छकडा थांबलेला होता. दौलत त्यात बसून होता. उतरला नाही. “चल” असंही म्हणाला नाही.

मग गावात त्याची शुद्धी केली. डोकं भादरलं, गोमूत्र पाजलं, जेवण घातलं. इटलीत प्यालेलं पाणी जामखेड तालुक्यात बाहेर काढत होते.

काशी माझ्याशी बोलायची थांबली, काही सांगायचं झालं तर मुलाच्या तोंडून सांगायची. मी तिला दोष देत नाही.

माझी पाठ अजून सुजलेली होती, तेव्हा गावचा कोतवाल दारात आला. “पाटलाचा बैल पडलाय. वढाया चल. पाटील म्हनत्यात, मुकाट आलास तर मागचं इसरू.”

“येत न्हाई.”

“काय म्हनलास?”

“मेलेलं ढोर म्या वढनार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. जाऊन सांग.”

पाटलानं महारवाड्याची मजुरी बंद केली. दुकानदारानं मीठ द्यायचं थांबवलं. गायरानात आमची शेळी दिसली की पाटलाचे गडी तिचे पाय मोडायचे. वस्तीतली म्हातारी माणसं माझ्या दारात आली. “तुज्यापायी आमी उपाशी मरायचं का?” म्हणाली. एकानं माझे पाय धरले. मी पाय सोडवून घेतले आणि नाही म्हणालो.

बैल फुगला. त्याचा वास पार पाटलाच्या ओसरीपर्यंत गेला. शेवटी पाटलाच्याच गड्यांनी नाकाला फडकी बांधून तो ओढत नेला. वाटेत एकाला ओकारी आली. मी दारात उभा राहून बघितलं. हसलो नाही.

पुढचं ढोर पडेल, तेही तेच ओढतील. मी हात लावणार नाही. माझा मुलगा लावणार नाही. आणि त्यासाठी मी कुठल्याच सरकारची परवानगी मागणार नाही.