एका टायमाला एकच

आमचे कॉम्प्युटरवाले मुश्ताकभाई आजारी पडले की डॉक्टरांची पंचाईत व्हायची. तीन गोळ्या दिल्या तरी भाई आधी एकच घेणार, ताप उतरतो का बघणार, मगच दुसरी. "एका टायमाला एकच. सगळ्या एकदम खाल्ल्या तर कशानं बरा झालो, कसं कळायचं?" चहा बिघडला तर आज फक्त साखर बदलायची, पत्तीला उद्या हात लावायचा. घरचे तोवर मुकाट्यानं पाणचट चहा पीत.

कारखान्यातली नोकरी सोडून मी चिकलठाण्याला कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हापासून सासरे माझ्याशी बोलत नव्हते. "पोरीला उपाशी मारणार," असं त्यांच्या कन्नड गावभर सांगत होते. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उद्घाटनाला मुद्दाम त्यांनाच बोलावलं. आणि नेमकी त्याच सकाळी मशिनं अडून बसली. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायला घेतली की स्क्रीन काळी.

भाईंनी सुरुवातीच्या मेन्यूत शिरून आधी 'क्वाएट' हा शब्द उडवला. "मशीन गुपचूप बसलं तर दुखणं कोण सांगणार?" अक्षरं भराभरा धावू लागली. भाई 'क्वाएट'च्या जागी एक पर्याय लिहीत, मशीन पुन्हा चालू करत आणि मान हलवत. तेवढ्यात गल्लीत टँकर आला. दुष्काळात टँकरपुढं कॉम्प्युटरला कोण विचारतो? भाई हंडा घेऊन धावले.

शोभाला धीर धरवेना. इंटरनेटवर सापडलेले तीन पर्याय तिनं एकदमच ठोकले आणि स्क्रीन उजळली! हंडा ठेवून भाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "चल तो गया भाभी, पण कशानं?" सगळं पुसून ते पुन्हा पहिल्यापासून बसले. अन् सासरे दारात हजर.

"बंद हाय व्हय?"

भाई म्हणाले, "चालू झालं होतं नाना. कशानं ते कळलं नाय, म्हणून बंद केलं."

आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. सासऱ्यांनी खुर्ची ओढली. "बराबर हाय. एकेक करूनच बघावं." शोभाच्या तीन पर्यायांतल्या दुसऱ्याला, स्क्रीनला साध्या चालीवर आणणाऱ्या 'नोमोडसेट'ला, मशीन सुरू झालं, तेव्हा भाई आणि सासऱ्यांनी एकमेकांना मिठीच मारली. मग सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, ह्या माणसाला सोडू नका."

गेल्या उन्हाळ्यात भाईच आम्हाला सोडून गेले. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. कब्रस्तानाबाहेर सासऱ्यांनी भाईंच्या मुलाला विचारलं, "नेमकं झालं काय?"

"शुगर, बीपी, किडनी. सगळं एकदमच, नाना."

सासऱ्यांनी रुमालानं डोळे टिपले. "एकदम? लई चिडला असंल रे तो."