छत्री धरणारा हात

आमच्या बैठकीच्या खोलीत एका गोऱ्या साहेबाचा फोटो होता. साहेब ऐटीत बसलेला आणि कडेला छत्री धरलेला एक हात. तो हात माझ्या पणजोबांचा. बाकीचे पणजोबा फोटोवाल्याने कापले होते. आजोबा तान्हे असतानाच ते गेले, त्यामुळे आजोबांना वडील म्हणून तेवढा हातच ठाऊक. तरी ते रोज पुसायचे साहेबाचा चेहरा. "साहेबांनी आपल्याला माणसांत आणलं," असं पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे.

"आणि अण्णा, त्याआधी आपण कशात होतो?" त्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, विचारायची.

आत्या दुकानांच्या पाट्या रंगवते. तिच्या जिभेला हाड नाही. पण आजोबांची नजर अधू व्हायला लागली तशी ती बेचैन झाली. दिसतंय तोवर त्यांना त्यांचे वडील दाखवायचेच, असं तिने मनावर घेतलं. पत्रा आणला, चौकटी आखल्या, फोटोतल्या हातापासून सुरुवात करून खांद्यापर्यंत पोचली आणि अडली. चेहरा कुणाचा काढायचा?

मग घरात नाकांचा बाजार भरला. काका म्हणाले, खानदानी नाक माझंच. "ते खानदानी नाही, सर्दीने सुजलंय," आत्या म्हणाली. शेवटी नाक आजोबांचं घेतलं, भुवया काकांच्या, हनुवटी माझी. कान तिने स्वतःचे दिले. का, तर पणजोबांनी बरंच ऐकून घेतलं असणार.

पण हाताची सवय जाते कुठे? लांबून वाचता यावं म्हणून पाटीवरच्या अक्षरांना ती पिवळी सावली देते, तशीच पणजोबांच्या मिशांना दिली. मिशा रस्त्यावरून दिसू लागल्या. छत्री त्यांच्याच डोक्यावर धरली. साहेब काही पत्र्यावर मावेना, त्याच्या बुटाचं टोक तेवढं राहिलं.

साहेबाच्या जागी पत्रा टांगला आणि आम्ही सगळे दाराशी जाऊन उभे राहिलो. आजोबा भडकले तर? ते अगदी जवळ जाऊन बघत राहिले. आत्या कोरडाच ब्रश पुसत बसली.

"मिशा जास्त झाल्यात," आजोबा म्हणाले.

"कमी करते."

"राहू दे." त्यांनी छत्री धरलेल्या हातावर बोट टेकवलं. "बाबा केव्हापासून उभेच आहेत गं. त्यांना बसायला काहीतरी काढ."