जंतू इथला की वाळवंटातला

मशीनने दुसऱ्यांदाही काही सांगितलं नाही, तेव्हा डॉक्टर मॅडम चिडल्या. "दादा, स्लाइडवर जंतू ढिगाने दिसतात आणि पीसीआर कोरा? असं कसं?"

कोलकात्यात त्वचारोगाच्या लॅबमध्ये मी नमुने घ्यायचो. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं हाताने शिकलो.

पेशंट खिदिरपूरचा रफीक. आखातात क्रेन चालवायचा, सुट्टीवर आलेला. मनगटावर रुपयाएवढी जखम, कडा उचललेल्या. वाळूमाशी चावली की लाइशमानिया नावाचा जंतू कातडीत शिरतो. त्याच्या जाती बऱ्याच, आणि मायक्रोस्कोपखाली सगळ्या सारख्या. जांभळा ठिपका, शेजारी बारीक काडी. जात कळते ती पीसीआरवर, म्हणजे जंतूचा डीएनए तपासून.

रफीकचं तिथेच अडलं होतं. वाळवंटातली जात असेल तर जखमेत इंजेक्शनं देऊन भागतं. आपल्याकडची, काळ्या आजाराची असेल तर महिनोन्महिने औषध आणि रक्ततपासण्या. तोवर कंपनी जागा राखणार नव्हती. घर त्याच्या एकट्याच्या पगारावर.

मी त्याला परत बोलावलं. "औषध काय लावतोस?"

"काहीच नाही, चाचा."

"खोटं बोलू नकोस."

"अल्ला कसम!"

पट्टी सोडली. जखम तूप चोपडल्यासारखी चकचकीत. "मग हे काय?"

"हे? हे तर मलम. अम्मी रोज लावते."

कोलकात्यात ते अँटिसेप्टिक मलम घरोघरी. ओठ फुटले, भाजलं, कापलं, लाव मलम. त्याला कोणी औषध समजतच नाही. माझी बायकोही नाही समजायची. तिच्या उशाशी कायम ट्यूब. ती गेली, ट्यूब आहे. मी फेकत नाही.

मॅडमना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "माझी आईही नातवाला तेच फासते! तेलकट नमुना गेला मशीनमध्ये, त्या तेलानेच पीसीआर अडला. परत घ्या."

अम्मीला दम भरला, मलम बंद केलं. काही दिवसांनी जखम सलाइनने धुतली, कडेची कातडी चिमटीत धरली, ब्लेडने बारीक चीर देऊन रस खरवडला. मधोमध सगळं मेलेलं असतं, जंतू कडेला राहतो.

"चाचा, मारताय काय!"

"एवढी क्रेन चालवतोस ना? गप बस."

निकाल आला. वाळवंटातली जात. इंजेक्शनांनी जखम सुकायला लागली आणि सुट्टी संपायच्या आत रफीक विमानात बसला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकाही पेशंटला औषधाचं विचारलं नाही. "घरी काय चोळलंस?" एवढंच विचारायचो. सगळे खरं सांगायचे.