पॅकिंगच्या टेबलावरचे सिनेमे

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. सात-आठ बायका रोज आठ तास एकाच टेबलाभोवती बसल्या की ते आपोआप साठतात. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि कधी लागतील सांगता येत नाही. परवा आम्ही जुन्या मैत्रिणी गोराईला फिलोमिनाकडे जेवायला जमलो होतो. तेव्हा ती म्हणाली, नलू, तू लिहून ठेव हे सगळं, तुझं अक्षर बरं आहे. म्हणून लिहिते.

आमचं टेबल म्हणजे कांदिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीचं पॅकिंग डिपार्टमेंट. ऐंशीनंतरची सात-आठ वर्षं मी तिथे होते. गोळ्यांची पट्टी उचलायची, माहितीच्या कागदाची घडी घालायची, दोन्ही खोक्यात सरकवायचं, झाकण लावायचं. हात सारखे चालू, तोंड मोकळं. रेडिओला बंदी. मग आम्ही सिनेमे सांगायचो. रविवारी जिने पाहिला तिने सोमवारी सांगायचा, गाण्यांसकट. आणि टेबलावर नवीन बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला: तुझा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला? नवरा काय करतो, मुलं किती, ते सगळं नंतर.

सिनेमांची नावं मी इथे देणार नाही. नाव घेतलं की लोक सिनेमावरच वाद घालत बसतात आणि बायका बाजूला राहतात.

*

पेठे साहेब आमचे सुपरवायझर. आवाज कधी चढवायचे नाहीत, नुसते पाठीमागे येऊन उभे राहायचे. तेवढ्याने आमची वाट लागायची.

एकदा एक्सपोर्टचा मोठा माल चालू होता. तपासणीत काही खोकी परत आली, आत माहितीचा कागदच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पेठे साहेबांनी रजिस्टर काढून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की चुका ठरावीक दिवशीच होतात. ज्या दिवशी टेबलावरच्या सिनेमात कुणीतरी मरायचं, त्या दिवशी. आम्ही डोळे पुसायला पदर घ्यायचो आणि तेवढ्यात एक खोकं कागदाशिवाय पुढे जायचं.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, संपलं, आता बोलायची बंदी. पेठे साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "सिनेमा सांगू नका असं मी म्हणत नाही. पण हा माल गुरुवारी जातोय. तोपर्यंत कुणाला मारू नका."

त्या आठवड्याच्या सिनेमातली आई सोमवारीच मरायची होती. आम्ही तिला चार दिवस हॉस्पिटलात ठेवली. गुरुवारी दुपारी ट्रक गेटबाहेर पडला आणि मग ती गेली. पेठे साहेब तेव्हा रजिस्टर उघडं धरून मागेच उभे होते. नंतर बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या गाळ्याची भिंत होती.

*

फिलोमिना गोराईची. रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून यायची. तिचा आवडता सिनेमा ती लहान असताना आलेला, जुना, मारामारीचा. त्यातला हिरो आम्हा सगळ्यांनाच आवडायचा, पण फिलोमिनाला तो आवडायचा कारण तो डावखुरा होता. ती स्वतः डावखुरी. शाळेत तिला त्यावरून मार बसलेला. जेवताना डावा हात पुढे आला की घरीही मार. मग तिने हा हिरो पाहिला. तो डाव्या हाताने तलवार चालवायचा, डाव्या हाताने जेवायचा, आणि शेवटी राजकन्या त्यालाच मिळायची. तेव्हापासून तिने मनाशी ठरवलं की आपलं काही चुकत नाही.

आम्ही म्हटलं, अगं, तो डावखुरा नाहीये. ती ऐकेना. टेबलावर दोन दिवस भांडण चाललं. शेवटी तिला विचारलं, तू पाहिलास कुठे?

गावात चर्चच्या सणाला मैदानात कापडाचा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढे गर्दी व्हायची, म्हणून तिची आजी सगळ्या नातवंडांना घेऊन पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. तिथे समुद्राचा वारा छान लागायचा. कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. नावं उलटी दिसत नव्हती का, असं आम्ही विचारलं, तर म्हणाली, "ती इंग्लिशमध्ये असायची गो. मला सुलटी तरी कुठे वाचता येत होती?"

पुढे मालाडला तोच सिनेमा पुन्हा लागला. आम्ही तिला मुद्दाम घेऊन गेलो. फिलोमिनाने अर्धा तास नीट बघितलं. मग माझ्या कानाशी वाकून ठामपणे म्हणाली, "हा तो नाही. ह्याचा भाऊ असेल."

आम्ही पुन्हा कधी वाद घातला नाही.

*

आमच्या टेबलावरच्या मंदाचा किस्सा लहान आहे. बघायला आलेल्या मुलाने तिला आवडता सिनेमा विचारला. घरच्यांनी आधीच पढवलं होतं, म्हणून तिने एका संताच्या सिनेमाचं नाव सांगितलं. मुलगा म्हणाला, काय योगायोग, माझाही तोच. दोन्हीकडची माणसं खूश झाली, लग्न ठरलं.

लग्नानंतर पहिल्याच रविवारी तो हौसेने त्या सिनेमाची तिकिटं घेऊन आला. पंधरा मिनिटांत मंदाला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तिने घाबरून शेजारी बघितलं. तो घोरत होता.

*

आता माझा.

आम्ही बोरिवलीला दोन खोल्यांत सहा माणसं. घरातून सिनेमाला जायचं म्हणजे सहा जणांनी जायचं, आणि सहा जणांना एकदम वेळ कधीच व्हायचा नाही. एकटी बाई सिनेमाला जाते हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. तरी एका शनिवारी मी गेले. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, माझंही भजन आहे, दाराला कुलूप लावून जाते.

मॅटिनीला गर्दी नव्हती. मी मागच्या रांगेत बसले. दिवे मंद होता होता पुढे तिसऱ्या रांगेत एक अंबाडा दिसला. त्यावरचा अबोलीचा गजरा मी सकाळी स्वतः दिला होता.

मी खुर्चीत खाली सरकले. सिनेमाभर माझं अर्धं लक्ष त्या अंबाड्यावर. सासूबाई हसल्या की त्यांचे खांदे हलायचे. घरात मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्या या घरात आल्या आणि तेव्हापासून सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवल्या, एवढंच मला माहीत होतं. शेवटची दहा मिनिटं राहिली होती, नायिका कोर्टात उभी होती, आणि त्या उठून लगबगीने निघाल्या. माझ्या आधी घरी पोचायला हवं होतं त्यांना.

मी घरी गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, झाला का ओव्हरटाइम? मी म्हटलं, झाला. भजन? त्या म्हणाल्या, झालं. मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर मेथी घेऊन बसले.

मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "सुटली का गं ती?"

*

तात्या आमच्या गेटवरचे वॉचमन. मालवणकडचे. तीस वर्षं गिरणीत काढली, गिरणी बंद पडल्यावर इथे लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते पाणी प्यायला आत यायचे. एकदा फिलोमिनाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. आम्हाला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण त्यांनी लगेच एक नाव सांगितलं.

लग्न होऊन बायको गावाहून मुंबईला आली तेव्हा लालबागच्या एका खोलीत त्यांचे भाऊ, भावजया, मुलं मिळून अकरा माणसं होती. ती पहाटे चारला पाण्यासाठी उठायची आणि सगळ्यांची जेवणं उरकून शेवटी आडवी व्हायची. दोन महिन्यांनी तात्यांना तिला घेऊन दुपारच्या सिनेमाला जायला मिळालं. नवी साडी, वेणी, सगळं साग्रसंगीत. नावं संपायच्या आधीच तिने तात्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती झोपली. इंटरव्हलला दिवे लागले तरी उठली नाही. मागचा माणूस म्हणाला, अहो, उठवा त्यांना, पैसे फुकट चाललेत. तात्यांनी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितलं.

फिलोमिनाने विचारलं, मग स्टोरी काय होती?

"माका काय म्हायत?" तात्या म्हणाले. "ती निजली होती. मी तीन तास खांदो हलवूक नाय."

बायको जाऊन तेव्हा त्यांना दोन वर्षं झाली होती. ग्लास विसळून ते पुन्हा गेटवर गेले.

*

सुलभा परब चारकोपला राहायची, एका सेक्टरमधल्या छोट्या घरात. तिचा नवरा गल्फमध्ये सुतारकामाला गेलेला. दर महिन्याला पत्र यायचं, ते ती टेबलावर आम्हाला वाचून दाखवायची, मधल्या चार ओळी गाळून. मग पत्रं थांबली. दोन महिने झाले, पाच झाले. ज्याने त्याला पाठवलं होतं त्या एजंटच्या ऑफिसला कुलूप लागलं. सुलभा कामावर येत राहिली, खोकी भरत राहिली, पण सोमवारी सिनेमा सांगायची तिची पाळी आली की म्हणायची, तुम्ही सांगा. आम्हीही काही विचारायचं सोडून दिलं. काय विचारणार?

एका शनिवारी, हाफ डे होता, आम्ही सहा जणींनी तिला जवळजवळ ओढूनच बोरिवलीला सिनेमाला नेलं. विनोदी सिनेमा होता. पहिल्या अर्ध्या तासात ती दोनदा हसली. मी आणि फिलोमिनाने एकमेकींकडे बघितलं.

त्या काळी थिएटरात बसलेल्या माणसाला तातडीने बाहेर बोलवायचं असलं की ऑफिसात नाव द्यायचं. मग ते काचेवर शाईने लिहून पडद्याच्या कोपऱ्यात दाखवत. बहुतेक वेळा कुणा डॉक्टरचं नाव असायचं. त्या दिवशी हिरो-हिरॉइन बागेत गाणं म्हणत होते आणि त्यांच्या पायाशी वाकड्या अक्षरांत उमटलं: सौ. सुलभा परब, बाहेर यावे.

आम्ही सातही जणींनी वाचलं. सुलभाने माझा हात धरला. म्हणाली, दुसरी कुणी असेल, परब काय थोडे आहेत? फिलोमिना हळूच म्हणाली, चल, मी येते सोबत. सुलभा उठेना. अक्षरं पडद्यावरून गेली, पुन्हा आली.

"हे गाणं संपू दे," ती म्हणाली. "गाणं संपेपर्यंत बसू दे मला."

आम्ही बसलो. दोन कडवी राहिली होती. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब गाणं. ते संपलं, तेव्हा तिने पदर खांद्यावरून घेतला, नीट खोचला आणि उठली. तिच्या मागोमाग आम्ही सहाही जणी उठलो.

बाहेर तिकिटाच्या खिडकीजवळ एक माणूस उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट अंगापेक्षा मोठा, हातात एक कापडी पिशवी. सुलभाकडच्या फोटोवरून मला तो ओळखूच आला नाही. विमानतळावरून तो थेट चारकोपला गेला होता. घराला कुलूप बघून कंपनीच्या गेटवर आला, आणि तात्यांनी त्याला इथे पाठवलं होतं. तिकडे मालकाने पासपोर्ट काढून घेतला होता, पत्रं बाहेर जाऊ देत नव्हते, हे सगळं आम्हाला पुढे महिनाभरात तुकड्यातुकड्याने कळलं. तेव्हा तो नुसता उभा होता. तिच्या मागे सहा बायका बघून त्याने पिशवी पाठीमागे घेतली.

"काही आणलं नाही गं," तो म्हणाला. "हात हलवत आलो."

सुलभा रडली नाही. भिंतीला लागून एक लाकडी बाक होतं, त्यावर जाऊन बसली आणि शेजारी हाताने थोपटलं. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग ती त्याच्याकडे वळली.

"सुरुवात चुकली तुमची," ती म्हणाली. "ऐका. दोन भाऊ असतात. धाकटा जरा बावळट. त्यांचा एक मामा असतो..."

ती सांगायला लागली. पहिल्यापासून, नीट, हातवारे करून, एकेका माणसाचा आवाज काढून. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही सहा जणी पोस्टरांपाशी उभ्या राहिलो. आत जायचं कुणी नाव काढलं नाही.

इंटरव्हलची घंटा झाली, दारं उघडली, माणसं वडे-सोड्यासाठी बाहेर आली. गर्दीतून वाकून मी बाकाकडे बघितलं. सुलभा अजून पहिल्या गाण्यालाच पोचली होती, आणि ते ती त्याला म्हणून दाखवत होती.