बोट मंडळीची घागर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते कल्याणच्या शाळेतल्या आमच्या हेडमास्तरांचे. वडील ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबत; माझ्याआधी घरात कोणी शाळा पाहिली नव्हती, आणि आमच्या जातीच्या हातचे पाणी गावात कोणी पीत नसे. मी बी. ए. झालो तो मास्तर पाठीशी राहिले म्हणून.

त्याच सुमारास गावातल्या वकील-डॉक्टरांनी मिळून एक लहान आगबोट घेतली आणि खाडीत सफरी करण्यासाठी मंडळी काढली. चिटणीस म्हणून मास्तरांनी माझे नाव सुचवले. थोरले वकील म्हणाले, "मुलगा हुशार आहे हो, पण दिवसभर एका बोटीत बसायचं. पाण्याचं काय?" शेवटी ठरले, की पहिल्या सफरीपुरते मला घ्यावे, पुढचे मग बघू, आणि ज्याने त्याने आपले पाणी आणावे. आईला हे सांगितले. निघताना तिने भरलेली घागर हाती दिली.

डोंबिवलीच्या पुढे समोरून भरती लागली. बोट रेंगाळली आणि बॉयलरसाठी नेलेले गोडे पाणी संपत आले. दोन्ही काठांना चिखल. खाडीचे पाणी घालावे, तर बॉयलरात मीठ धरणार. ड्रायव्हर ओरडला, "साहेब, तांबे इकडं द्या, नायतर विस्तव काढतो!" कुरकुरत सगळ्यांनी तांबे रिते केले. माझी अर्धी घागर ओतली तेव्हा पुरेसे झाले. ड्रायव्हर हसला, "आता कुणाची वाफ कुठली, ते विचारू नका म्हणजे झालं!"

ऊन तापले. पिण्याचे पाणी उरले होते फक्त माझ्या घागरीत, आणि मागायला कोणी तयार नव्हते. मास्तरांनी ओंजळ पुढे केली.

"मास्तर, प्रायश्चित्त घ्यावं लागेल," वकील म्हणाले.

"तहान आत्ता लागलीय. ओत रे."

ठाणे दिसू लागले तेव्हा वकीलही हळूच म्हणाले, "थोडं इकडे. घरी बोलू नका कोणी."

माझे चिटणीसपण टिकले. मास्तरांनी प्रायश्चित्त घेतले नाही. पुढे कित्येक दिवस पंगतीत त्यांचे पान वेगळे मांडत.

आता ते पुण्यास असतात. परवा त्यांना लिहिले:

"तीर्थस्वरूप मास्तरांस साष्टांग नमस्कार. मंडळीने नवी, मोठी आगबोट घेतली. चिटणीस अजून मीच आहे. बॉयलरचे पाणी आता दोन पिंपे भरून नेतो. पिण्यासाठी मात्र सगळ्यांत मिळून एकच घागर असते, आईची. तिला नुकतीच कल्हई करून घेतली. पहिल्या सफरीस आपण यावे. येताना तांब्या आणू नये."