दसऱ्याच्या पाटावरचं लोखंड

भट्टी लावली की दोन गोष्टी साचत जातात, राख आणि किस्से. राख निदान पडवळाच्या आळ्यात टाकता येते. किस्से कुठे टाकणार? मग ते असे तुमच्यासारख्यांच्या डोक्यावर ओतायचे! चहा येईपर्यंत ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, मी मनाला लावून घेत नाही. लावून घ्यायचं तेवढं घेऊन झालंय.

मी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला होतो. घर पोलादपूरहून उमरठच्या वाटेला. दिवसभर काम काय, तर व्हॉल्व्ह उघडा, व्हॉल्व्ह बंद करा, गास्केट बदला, सही ठोका. इतकी वर्षं नोकरी केली, पण हातात धरून 'ही मी घडवली' म्हणावं अशी एक वस्तू नाही. म्हणून घरामागच्या रिकाम्या गोठ्यात हौसेखातर भट्टी लावली. लोक पत्ते कुटतात, मी लोखंड कुटायला लागलो. एवढाच गुन्हा!

आमचे वडील, आबा, म्हणजे गावकीतलं मोठं प्रस्थ. पालखीला पहिला खांदा त्यांचा. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "लोहाराचं काम लोहारानं करावं. मराठ्याच्या दारात घणाचा आवाज नाय पायजे."

आवाज तर झालाच. मग आबांनी गोठ्याकडे बघायचंच सोडलं. जेवताना माझ्याशी बोलायचे, पण माझ्या हातांकडे बघायचे नाहीत.

*

तालुक्याचं नाव पोलादपूर, पण ऐरण मिळेल तर शपथ! शेवटी महाडच्या एका भंगारवाल्याकडे रुळाचा तुकडा मिळाला. ऐरणीला रूळ झकास. तो गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

कंडक्टरने विचारलं, "ह्ये काय?"

"ऐरण."

"जित्ता हाय का?"

"नाही हो, लोखंड आहे!"

"मंग लगेज लागंल."

शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याने गोणपाट उचकटून बघितलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "कोकण रेल्वे वीर टेसनावरनं तिकडंच वळली म्हनून रडत व्हतो ना रे? ही बघा, पोलादपूरला रेल्वे आली! दीड फूट का व्हईना!"

गाडी खदाखदा हसली. मीपण हसलो, काय करणार! पण पोलादपूरच्या स्टॅंडवर उतरतो, तर समोर आबा उभे. गावी जायच्या गाडीची वाट बघत होते. तो म्हातारा खिडकीतून ओरडला, "आबा, तुमच्या लेकानं रेल्वे आनली!"

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गोणपाटाकडे. आणि तडक समोर सुटत असलेल्या गाडीत चढले. ती महाबळेश्वरची होती.

*

पहिला कोयता घडवला तो ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा. हायवेच्या गॅरेजात असे तुटके पाटे पडलेले असतात, कोयत्याला त्यासारखं लोखंड नाही. पातं वाकडं झालं होतं, खोटं कशाला बोलू! पण धार होती. मुठीजवळ पात्याच्या बुडाशी मी पंच ठोकून तीन टिंबं उठवली. खूण म्हणून. आपली वस्तू आपल्याला ओळखता यावी, बस.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात. कोयते, कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दसऱ्यापर्यंत ती पाटावरच. पूजा आबा करायचे. मी माझा कोयता हळूच कडेला ठेवला.

आबांनी तो धड न बघताच दोन बोटांनी उचलून खाली ठेवला. "हत्यारांत खेळणं नको," म्हणाले.

ठीक आहे. वाकडाच होता. दुसऱ्या वर्षी सरळ केला. तोही खाली. तिसऱ्या वर्षी माझी बायको मंदा हिने डोकं चालवलं. माझा कोयता कुऱ्हाडीच्या मागे ठेवून त्यावर झेंडूचा ढीग घातला. आबा मंत्र पुटपुटत फुलं सारखी करायला गेले, आणि सापडला! या खेपेला त्यांनी तो खाली ठेवला नाही. उठले, दारात गेले आणि अंगणात भिरकावला. केळीच्या बुंध्यात रुतून बसला.

मंदा माझ्या कानात म्हणाली, "फेकला तरी रुतला बघा! धार चांगली हाय."

मला ऐरणीवर बसून रडावंसं वाटलं. मला ना दुकान काढायचं होतं, ना कुणाकडून शाबासकी हवी होती. माझं एक हत्यार आबांच्या हातून त्या पाटावर बसावं, एवढंच हवं होतं. चाळिशीच्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

*

बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. कोणत्या रविवारी ते मला कुणी सांगितलंच नाही! मी आपला गोठ्यात घण घालतोय. तहान लागली म्हणून उघडा, काळाकुट्ट, मागच्या दाराने पाण्याला आलो, तर ओटीवर पाच टोप्या.

मुलाच्या मामाने विचारलं, "हा कोण?"

आबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "गडी हाय."

"आणि मुलीचे भाऊ?"

"तो म्हाडला. ड्युटीवर."

मी तांब्या तोंडाला लावून उभा. मंदा चहाचा ट्रे घेऊन ओटीवर आली होती, ती तशीच थिजली. मामा मला म्हणाला, "अरे, जरा आमच्या जीपचं मडगार्ड ठोकून दे रे, घासतंय टायरला." गेलो! ठोकून दिलं! काय करणार, बहिणीचं लग्न होतं. जाताना मामाने माझ्या हातावर दोन रुपयेसुद्धा ठेवले.

लग्न जमलं. मांडवात मी सफारी घालून, फेटा बांधून पाहुण्यांच्या स्वागताला उभा. मामा आला, थबकला, मला खालून वर न्याहाळलं आणि आबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आबासाहेब, तुम्हाला मानलं! गड्याला पण सफारी शिवलीत!"

*

आता गावाचं ऐका. गावाला माझी भट्टी चालायची, पण कशाला? आमच्या शेजारच्या सावित्रीकाकी रोज काहीतरी घेऊन यायच्या. चिमटा सरळ कर, स्टोव्हचा पाय बसव, छत्रीची काडी जोड. एकदा मी ड्युटीवरून दमून आलो होतो, म्हटलं, "काकी, उद्या करतो."

तर काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हौस तुजी हाय ना रे? मंग भागव की! आमी काय रोज मोडाया बसलोय व्हय?"

त्याच काकींना मी एकदा चांगला विळा घडवून दिला. फुकट! त्यांनी तो नीट फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. भातकापणीला बघतो, तर हातात महाडच्या बाजारातला नवा विळा. विचारलं तर म्हणाल्या, "तुज्या विळ्यानं हात कापला तर कुनाला बोलायचं? लोहार असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. तू पडलास आबांचा ल्योक!"

चिमटा माझा चालतो, धार माझी चालत नाही. वा!

*

महाडच्या बाजारात शांताराम लोहार बसायचा. त्याची भट्टी बापजाद्यांपासूनची. मी त्याच्याकडे कोयत्याला पाणी कसं द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक कसं करायचं, ते विचारायला गेलो. तो पोत्यावर विड्या ओढत बसला होता. भट्टी थंड. पुढ्यात विकायला मांडलेले कोयते बाहेरगावच्या कारखान्यातून आणलेले!

म्हटलं, "शांतारामभाऊ, भट्टी बंद?"

"कंबर गेली. ल्योक म्हनतो, मी नाय घन मारनार. मुंबईला वॉचमन झाला. खुर्चीवर बसतो." मग त्याने मला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तुमचं डोकं ठिकानावर हाय ना? आमी सात पिढ्या हितनं सुटाया बघतोय, आनि तुम्ही पैशे खर्चून आत घुसताय!"

तरीपण त्याने माझा कोयता हातात घेतला. नखाने धार बघितली, पातं वाजवून बघितलं, म्हणाला, "ठेवून जा चार-पाच. माझ्याकडं बसले की खपतील. तुमच्याकडं बसले की गंजतील."

पुढच्या बाजारी गेलो तर एक नाही उरलेला! मग दर महिन्याला मी घडवायचो आणि तो विकायचा. एकदा म्हणाला, "सायेब, गिऱ्हाईक इचारतंय, ही तीन टिंबं कसली?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, आमच्या घरान्याची खूण!"

कोयते कुणाच्या तरी हातात होते, एवढं बरं वाटायचं. मंदाला मात्र राग यायचा. "तुमच्या घामावर त्याचं घरानं!" म्हणायची. मी म्हणायचो, "अगं, माझ्या घराण्याला नकोय, तर त्याच्या तरी असू दे."

*

आणि आता शेवटचा. चहा आला वाटतं. घ्या, पण ऐका.

त्या वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, झाडावर कवळाच्या पालेदार फांद्या तोडताना आबांचा जुना कोयता मोडला. त्यांच्या वडिलांचा होता. आबा दोन दिवस जेवले नाहीत धड. मी नवा कोयता घडवून त्यांच्या उशाशी ठेवला. सकाळी तो गोठ्याच्या दारात पडलेला होता. आबांनी अख्खा हंगाम शेजाऱ्याच्या कोयत्यावर काढला, पण माझ्याला हात लावला नाही.

नवरात्र बसलं तसे आबा अस्वस्थ झाले. "पाटावर कोयता नाय म्हंजे काय!" म्हणाले, आणि एकटेच एसटीने महाडला गेले. संध्याकाळी आले ते काखेत पेपरचं पुडकं घेऊन. वयाची सत्तरी उलटलेली, पण चाल बघावी, नवरदेवाची! अंगणातूनच हाक, "मंदे, पानी आन गो! आनि त्याला बोलव गोठ्यातनं!"

इतक्या वर्षांत आबांनी गोठ्यातून मला पहिल्यांदा बोलावलं होतं. मी हात पुसत आलो.

आबांनी पुडक्यातून कोयता काढला आणि कुंपणाची एरंडी एका घावात तोडली. मग जांभळीची फांदी, मनगटाएवढी, तीही एका घावात. सावित्रीकाकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "म्हाडचा तो म्हाडचा! उगाच नाय मी सांगत."

"बघितलास?" आबा मला म्हणाले. "ह्याला म्हनतात कोयता. तो शांताराम लोहार हाय ना, त्याच्याकडचा. अरे, पातं बघ, तोल बघ. आनि ही खूण बघ बुडाशी, तीन टिंबं. त्यांच्या घरान्याची हाय. जातिवंत लोहाराबिगर असं लोखंड वळत नाय. तू दहा जन्म घन घातलास तरी नाय जमायचं तुला."

मंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं आणि केळीच्या बुंध्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं.

खंडेनवमीला आबांनी तो कोयता पाटाच्या मधोमध मांडला. कुऱ्हाड एका बाजूला, विळे एका बाजूला. हळद वाहिली. मग कुंकवाचं बोट घेऊन नेमकं त्या तीन टिंबांवर टेकवलं. वर सगळ्यात मोठा झेंडू ठेवला, हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून राहिले.

डोळे उघडल्यावर ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "चल, पाया पड. अशा हाताला नमस्कार करावा. जमलं तर तुज्या त्या गोठ्याला जरा लाज वाटंल."

मी गुडघे टेकले, आणि डोकं ठेवलं.