बापूभावजींचा पाचवा चिंचोका

पासलीहून जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी भोरच्या घरी तूरडाळ निवडत बसले होते. गुरुवारची दुपार. "अक्का, ह्ये जेवून आडवे झाले... ते उठलेच न्हाईत." बापूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर भातशेती केली. गेलं वर्षभर मात्र दर रविवारी सकाळी एसटीने भोरला यायचे. कशाला, असं कंडक्टरने विचारलं की सांगायचे, "लढाई हाय." सई, नील, ती लढाई तुमच्याशी, कॅनडातल्या माझ्या नातवंडांशी, मोबाईलवर असायची.

मागच्या सुट्टीत सईनेच तो खेळ आणला. प्रत्येकाने एक योद्धा घ्यायचा, त्याची गोष्ट बोलत बोलत रचायची आणि शत्रूचा वार लागला की हुकला ते फाशांवर ठरवायचं. चिलखत जितकं जड, तितकं वार लागणं अवघड. नीलने नखशिखांत लोखंड घेतलं. भावजींनी खांद्यावर घोंगडी आणि हातात कोयता घेतला. "असलं वझं घालून आमच्या पासलीचा चढ चढून दाव," ते नीलला म्हणाले. त्या पहिल्याच सकाळी त्यांचा गडी तीनदा मेला. नील कळवळून म्हणाला, "आजोबा, घ्या ना चिलखत." तर म्हणे, "मरंल. पर डब्यात कोंडून न्हाई मरायचा."

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, नियमांची वही अर्थातच माझ्याकडे होती. घोंगडीवाल्यालाही जगण्याची संधी हवी म्हणून मी लिहिलं : त्याला एका डावात पाच चिंचोके, एक टाकला की एक वार चुकवता येईल. सईला ते पटेना. "मग चिलखत घेणारे वेडेच ठरतील, आजी." बराच वेळ वाद घालून तिने त्याला जोड दिली : चुकवलेला वार वाया जाणार नाही, मागे जो उभा असेल त्याच्यावर जाईल. मला ते कठोर वाटलं. भावजी मात्र मान डोलावून म्हणाले, "बरुबर हाय पोरीचं. म्होरचा वाकला की मागच्याला लागणारच." चिंचोके ते वाटीत ठेवत नसत, मुठीत धरून बसत आणि मी वहीत एकेका चिंचोक्याची रेघ ओढी.

शेवटच्या रविवारी भावजी आणि नील यांचे गडी एका अरुंद कड्यावर अडकले. नीलचं चिलखत फुटलेलं, एकाच वाराचा जीव उरलेला. पुढे भावजींचा गडी, त्याच्यावर शत्रूचा वार आलेला. सईने मोबाईलच्या पडद्यातून विचारलं, "आजोबा, चिंचोका?" त्यांनी रिकामा तळवा दाखवला. "संपलं की." माझ्या वहीत चारच रेघा होत्या. माझंच मोजणं चुकलं असेल, असं समजून मी पाचवी ओढली. सईने फासा टाकला आणि गडी पडला. नील मात्र वाचला. भावजी चहा ओतून घेत म्हणाले, "पुढच्या रविवारी ह्या गड्याचा भाऊ यील लढायला."

ते गेल्यापासून तो खेळ कुणी उघडला नाही. सई, तू फोनवर हळूच विचारलंस, "मी नियम जरा सैल केला असता तर त्यांचा गडी वाचला असता?" तेराव्याला पासलीला गेले. त्यांचा रविवारचा पांढरा सदरा खुंटीवर तसाच होता. जाऊबाई म्हणाल्या, "खिसा बघा अक्का, धुवायला टाकायचाय." खिशात भोरचं तिकीट होतं आणि एक चिंचोका...

तुझा नियम त्यांना पुरता समजला होता, बाळा. चिंचोका टाकून ते वाकले असते तर वार नीलवर गेला असता. आणि हे उघड करून त्यांना नीलला ओझं द्यायचं नव्हतं, म्हणून ते आपल्या तिघांशीही खोटं बोलले.

वहीतली पाचवी रेघ मी खोडली. खोडरबराने नाही, शाळेत खोडायचे तशीच, तांबड्या शाईने, शेजारी सही करून. तो चिंचोका कपाटात जपून ठेवावा असं मनात आलं होतं. पण तो आता बाकीच्या चार चिंचोक्यांबरोबर वाटीत आहे, टेबलावर, त्यांच्या खुर्चीसमोर. रविवारी फोन करा. गड्याचा भाऊ यायचा आहे.